जन्मतः लहान असलेल्या मुलांची उंची आणि ग्रोथ हॉर्मोनचे उपचार

एका आईने विचारलेला प्रश्न असा आहे : मुलगी साडेचार वर्षांची आहे. गर्भारपणाचे ३८ आठवडे पूर्ण होऊनही तिचे जन्मवजन १.९ किलो होते. आज तिची उंची ९४ सेंटिमीटर आणि वजन साडेबारा किलो आहे. वडिलांची उंची १६८ सेंटिमीटर, आईची १५४. बालरोगतज्ज्ञांनी ग्रोथ हॉर्मोनच्या इंजेक्शनांचा विषय काढला आहे. पण आपल्या घराण्यातली मुले उशिराच वाढतात, वयात येताना भराभर उंच होतात, तेव्हा घाई करू नये, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगत आहेत. या इंजेक्शनांनी मोठेपणीची उंची खरोखर वाढते का, वाढली तर किती, आणि पुढे मधुमेहाची भीती आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

आधी थोडक्यात उत्तर देतो. होय, योग्य मुलाची निवड झाली असेल तर मोठेपणीची उंची वाढते, आणि उपचार न घेतलेल्या तशाच मुलांच्या तुलनेत ही वाढ सरासरी पाच ते सहा सेंटिमीटर असते. उपचार लहान वयात सुरू होऊन वर्षानुवर्षे नियमित चालले तर ती याहून जास्त मिळते, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू केले तर बरीच कमी. म्हणूनच ‘थांबून पाहू’ हा सल्ला कितीही मायेने दिलेला असला तरी तुमच्या मुलीच्या बाबतीत तो मला पटत नाही. याचे कारण सविस्तर सांगायला हवे.

‘कमी दिवसांचे’ बाळ आणि ‘पोटात कमी वाढलेले’ बाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे बोलताना त्यांची फार सरमिसळ होते. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचे वजन दीड किलो असेल, तर ते त्याच्या दिवसांच्या मानाने योग्यही असू शकते. आपण ज्या मुलांविषयी बोलत आहोत ती गर्भावस्थेच्या आठवड्यांच्या मानाने लहान जन्मलेली असतात. वाढीच्या उपचारांसाठी याची व्याख्या अशी आहे की जन्माचे वजन किंवा लांबी, किंवा दोन्ही, तितक्याच आठवड्यांच्या बाळांच्या सरासरीपेक्षा दोन स्टँडर्ड डेव्हिएशनहून अधिक खाली असावे. पुढे मी यालाच ‘एसडी’ म्हणेन. सरासरीपासून मूल किती दूर आहे हे मोजण्याचे ते एकक आहे, आणि उणे दोन एसडीच्या खाली शंभरातली साधारण दोनच मुले येतात. तुमच्या मुलीचे जन्मवजन या व्याख्येत बसते.

येथे एक अडचण नेहमी येते. माझ्यासमोर येणाऱ्या जुन्या फायलींत जन्माचे वजन शंभरातल्या नव्वद कागदांवर सापडते, मात्र लांबीचा रकाना बहुतेक वेळा कोरा असतो, किंवा त्यात सरसकट ‘५० सें.मी.’ असे लिहिलेले असते, कारण बाळाला लाकडी मापफळीवर झोपवून, पाय सरळ धरून नीट मोजायला कोणाला सवड नसते. किती आठवडे भरले होते हेही पुष्कळदा अंदाजाने लिहिलेले असते. म्हणून प्रसूतीचे डिस्चार्ज कार्ड, गर्भारपणातली पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी, माता व बाल संरक्षण कार्ड, अंगणवाडीतली वजनांची नोंद असे जे काही घरात असेल ते शोधून आणा. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून आठवडे सर्वांत खात्रीने ठरवता येतात, आणि आठवडे चुकले तर सगळे निदानच चुकते.

आता ‘उशिरा वाढण्या’विषयी. लहान जन्मलेली बहुतेक मुले, म्हणजे दहातली आठ-नऊ, दोन वर्षांची होईपर्यंत उंचीची तूट भरून काढतात, आणि त्यातही बरीचशी वाढ पहिल्या सहा महिन्यांतच होते. घरातल्या बायका ‘बाळाने बाळसे धरले’ म्हणतात, तो हाच काळ. कमी दिवसांचे आणि शिवाय लहान असे बाळ असेल तर त्याला चौथ्या वर्षापर्यंत मुभा द्यावी लागते. उरलेली साधारण दहा टक्के मुले मात्र मागेच राहतात, आणि चार वर्षांनंतर ती आपणहून वर येण्याची शक्यता फारच थोडी असते. साडेचार वर्षांच्या मुलींची जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातली मधली उंची सुमारे १०६ सेंटिमीटर आहे आणि उणे दोन एसडीची रेषा ९७च्या आसपास आहे. तुमची मुलगी ९४वर, म्हणजे उणे अडीच एसडीच्याही खाली आहे. आईवडिलांच्या उंचीवरून तिची अपेक्षित उंची काढली तर दोघांच्या उंचीची बेरीज करून, त्यातून तेरा वजा करून, दोनने भागायचे. ती येते १५४.५ सेंटिमीटर. म्हणजे ती तुमच्या घराच्या अंगकाठीच्या मानानेही बरीच खाली चालली आहे, आणि ‘आमच्याकडे सगळेच ठेंगणे’ हे स्पष्टीकरण तिला लागू पडत नाही.

घराण्यातल्या उशिरा वाढणाऱ्या मुलांची गोष्ट खोटी नाही, पण ती मुले वेगळी. त्यांचे जन्मवजन सहसा नेहमीसारखे असते, हाडांचे वय, म्हणजे मनगटाच्या एक्स-रेवरून दिसणारी हाडांची वाढ, खऱ्या वयाच्या दोन-अडीच वर्षे मागे असते, आणि वयात येणेही तितकेच लांबते, त्यामुळे त्यांना वाढायला जास्त वर्षे मिळतात. लहान जन्मून लहानच राहिलेल्या मुलांचे तसे होत नाही. ती वेळेवर, कधी तर थोडी आधीच वयात येतात, त्या सुमारास त्यांच्या हाडांचे वय झपाट्याने पुढे सरकते आणि हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या लवकर मिटतात. आज मागे दिसणाऱ्या हाडांच्या वयावर विसंबून ‘अजून खूप वेळ आहे’ असे म्हणणे या मुलांत फसवे ठरते. मी असे पालक पाहिले आहेत ज्यांनी मुलीची पाळी सुरू होईपर्यंत वाट पाहिली. तोपर्यंत दोन-तीन वर्षांचाच काळ हाती उरला होता, आणि त्या आईला ‘आधी यायला हवे होते’ हे सांगताना मला आजही जड जाते.

ही मुले का वाढत नाहीत? बहुतेकांच्या शरीरात ग्रोथ हॉर्मोन पुरेसे तयार होते, पण त्याचा परिणाम अपुरा होतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून ते बाहेर पडते, यकृताला आयजीएफ-१ हे दुसरे संप्रेरक तयार करायला लावते, आणि दोन्ही मिळून लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्यांना वाढवतात. लहान जन्मलेल्या मुलांत या साखळीत कुठे तरी शिथिलता असते. म्हणूनच हॉर्मोनच्या कमतरतेसाठी केली जाणारी क्लोनिडीन किंवा ग्लुकागॉनची उत्तेजन चाचणी (औषध देऊन रक्तातले ग्रोथ हॉर्मोन किती वाढते ते पाहणारी) यांच्यात प्रत्येक वेळी करायलाच हवी असे नाही. वाढीचा वार्षिक वेग फारच कमी असेल किंवा आयजीएफ-१ खूप खाली असेल तेव्हा ती करावी. आणि याच कारणाने या मुलांना दिली जाणारी मात्रा कमतरता असलेल्या मुलांच्या मात्रेइतकी किंवा तिच्याहून थोडी जास्त असते.

उपचार सुरू करण्याआधी उंची कमी असण्याची इतर कारणे तपासलीच पाहिजेत, आणि याबाबत मी जरा हटवादी आहे. रक्तक्षय, थायरॉईड, सीलिॲक म्हणजे गव्हाच्या प्रथिनाने आतड्याला होणारा त्रास, मूत्रपिंडाचे विकार आणि अर्थातच अपुरा आहार, हे सगळे बघावे लागते. ज्या मुलाच्या ताटात पुरेशी डाळ, दूध, अंडे किंवा कडधान्य नाही, त्याला इंजेक्शन देणे म्हणजे पाया न भरता भिंत बांधणे होय. मुलगी असेल तर गुणसूत्रांची तपासणी टाळू नये. टर्नर सिंड्रोम, म्हणजे दोनपैकी एक एक्स गुणसूत्र नसणे किंवा अपुरे असणे, असलेल्या मुली जन्मतः बऱ्याचदा थोड्या लहान असतात आणि बाहेरून काहीच वेगळे दिसत नाही, असेही होते. काही वर्षांपूर्वी ‘कमी वजनाची जन्मली म्हणून लहानखुरी’ अशा समजुतीने अकराव्या वर्षापर्यंत थांबलेली एक मुलगी माझ्याकडे आली. तपासणीत टर्नर निघाले, आणि मग हृदयाची तपासणी, अंडाशयांचा प्रश्न, हॉर्मोनची वेगळी मात्रा हे सगळे एकदम समोर आले. कपाळ रुंद, चेहरा त्रिकोणी, डोके शरीराच्या मानाने मोठे, शरीराच्या दोन बाजू असमान आणि बाळपणी दूध पिण्याची मोठी अडचण अशी लक्षणे असतील तर सिल्व्हर-रसेल सिंड्रोमचा विचार करावा लागतो. १९५३ आणि १९५४ साली स्वतंत्रपणे वर्णिलेला हा विकार हॉर्मोनला प्रतिसाद देतो, पण त्याची देखभाल वेगळी असते. ब्लूम सिंड्रोम किंवा फॅन्कोनी ॲनिमियासारख्या, डीएनए दुरुस्तीत दोष असलेल्या विकारांत मात्र ग्रोथ हॉर्मोन देऊच नये, कारण तिथे कर्करोगाचा धोका मुळातच मोठा असतो.

आता मुख्य प्रश्न, किती सेंटिमीटर. १९८५पर्यंत हे संप्रेरक मृत व्यक्तींच्या पिट्युटरी ग्रंथींतून काढले जात असे, त्यामुळे ते दुर्मीळ होते, आणि त्यातून काही मुलांना क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याने ते बंद करावे लागले. त्यानंतर प्रयोगशाळेत तयार केलेले शुद्ध हॉर्मोन आले. ते पुरेशा प्रमाणात मिळू लागल्यावर लहान जन्मलेल्या मुलांवरही नीट आखलेले अभ्यास करता आले. अमेरिकेने या कारणासाठी २००१ साली आणि युरोपने २००३ साली मान्यता दिली. युरोपची अट कडक आहे : वय किमान चार वर्षे, उंची उणे अडीच एसडीच्या खाली आणि आईवडिलांच्या उंचीच्या मानानेही एक एसडीहून खाली. तुमची मुलगी या तिन्ही अटींत बसते.

नेदरलँड्समधील एका अभ्यासाचे निकाल २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात मुलांना सरासरी साडेसात-आठ वर्षे उपचार दिले आणि पूर्ण वाढ होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. सुरुवातीला उणे तीन एसडीच्या जवळपास असलेली ही मुले कमी मात्रेच्या गटात उणे १.१ आणि दुप्पट मात्रेच्या गटात उणे ०.९ एसडीपर्यंत पोहोचली, आणि त्यांतली ८५ टक्के मुले प्रौढपणी सामान्य उंचीच्या कक्षेत आली. दोन मात्रांमधला फरक नगण्य होता, ही मला फार महत्त्वाची बाब वाटते. कारण ‘जास्त डोस दिला तर जास्त उंची’ या आशेने पालक कधी कधी स्वतःहून मात्रा वाढवायला निघतात. फ्रान्समध्ये त्याच सुमारास झालेल्या अभ्यासात उपचार साधारण साडेबारा वर्षांच्या वयात सुरू झाले आणि तीन वर्षांहून कमी काळ चालले. तिथे लाभ फक्त ०.६ एसडीच्या आसपास मिळाला, तोही दुप्पट मात्रा देऊन. स्वीडनमध्ये वयात येण्याआधी दोन वर्षांहून अधिक उपचार मिळालेल्या मुलांची उंची १.७ एसडीने सुधारली, तर त्याहून कमी काळ मिळालेल्यांची ०.९ने. २००९ साली चार नियंत्रित चाचण्यांमधील सुमारे ३९० मुलांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या प्रौढ उंचीत ०.९ एसडीचा फरक निघाला. पाच-सहा सेंटिमीटर म्हणतात ते इथून आले.

तुमच्या मुलीपुरता ढोबळ हिशेब करू. उपचारांशिवाय ती १४६-१४७ सेंटिमीटरच्या आसपास थांबेल असा अंदाज आहे. सरासरी लाभ मिळाला तर ती १५२-१५३पर्यंत, म्हणजे तुमच्या स्वतःच्या उंचीच्या जवळ जाईल, आणि इतक्या लवकर सुरुवात केल्यामुळे त्याहून थोडी पुढेही जाऊ शकेल. ही हमी नाही, कारण प्रत्येक मुलाचा प्रतिसाद वेगळा असतो आणि काही मुले फारच थोडी वाढतात. सुदैवाने हे पहिल्या वर्षातच कळते. या वयात एरवी वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढणारे मूल उपचारांच्या पहिल्या वर्षी आठ ते दहा सेंटिमीटर वाढते. पहिल्या वर्षात अर्धा एसडीही सुधारणा झाली नाही, तर मी आधी इंजेक्शने किती चुकली ते विचारतो, मग निदान पुन्हा तपासतो, आणि तरीही उत्तर मिळाले नाही तर उपचार थांबवण्याविषयी पालकांशी स्पष्ट बोलतो.

नेहमीची मात्रा दर किलो वजनाला रोज ०.०३५ मिलिग्रॅम आहे. साडेबारा किलोच्या मुलीला ती साधारण ०.४४ मिलिग्रॅम होते, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे तीन युनिट हे लक्षात ठेवले तर पेनवरचे आकडे समजतात. इंजेक्शन रात्री झोपण्यापूर्वी, इन्सुलिनसारख्या बारीक सुईच्या पेनने, कातडीखाली द्यायचे असते. मांडी, ढुंगण, पोट या जागा रोज बदलाव्या लागतात; एकाच जागी टोचत राहिले तर तिथली चरबी झिजून खड्डा पडतो. औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे, फ्रीजरमध्ये नाही, आणि फ्रीजच्या मागच्या भिंतीला चिकटूनही नाही, कारण गोठलेले औषध निकामी होते. गावी जाताना बर्फाच्या पिशवीला थेट न लावता मध्ये रुमाल घालून न्यावे. पहिले दोन आठवडे रडारड होते. नंतर मुले स्वतःच ‘आज डाव्या मांडीला’ असे सांगू लागतात. खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या वर्षी लागते, कारण तेव्हा वाढ दिसेनाशी होते, लग्नसराई-परीक्षा-प्रवास यांत आठवड्यातली दोन इंजेक्शने चुकू लागतात आणि वर्षाअखेरीस आलेख सपाट होतो.

मधुमेहाची तुमची शंका रास्त आहे. पोटात कमी वाढलेल्या बाळांना पुढे मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका जास्त असतो, आणि हा धोका उपचार घेतले नाहीत तरी असतोच. पुण्याजवळच्या सहा गावांत पुण्यातील केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून चालवलेल्या अभ्यासात आपल्याकडच्या नवजात बाळांचे वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास निघाले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. पण आपली ही बारीक बाळे चरबीत तितकी मागे नव्हती. त्यांचे स्नायू आणि अवयव लहान होते. म्हणजे इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जन्मतःच असते. ग्रोथ हॉर्मोन चालू असताना ही प्रवृत्ती आणखी वाढते, रक्तातील इन्सुलिन चढते, पण साखर बहुतेक मुलांत सामान्य राहते. नेदरलँड्समध्ये उपचार बंद केल्यानंतर पाच वर्षांपर्यंत तपासणी केली, तेव्हा ही मुले उपचार न घेतलेल्या लहान जन्मलेल्या मुलांपेक्षा वाईट स्थितीत नव्हती. तरीही आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, किंवा मूल पोटाशी लठ्ठ होत असेल, तर मी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची चाचणी) अधिक वेळा पाहतो. आणि एक विनंती : उंची कमी म्हणून मुलीला तूप-साखर-बिस्किटे भरवू नका. अशा मुलांत वजन उंचीच्या पुढे धावणे हेच पुढच्या मधुमेहाचे आमंत्रण असते, शिवाय त्याने वयात येणेही अलीकडे ओढले जाते.

फ्रान्समधून २०१२ साली, लहानपणी हॉर्मोन घेतलेल्या प्रौढांत मृत्यूचे प्रमाण जास्त दिसल्याचा अहवाल आला तेव्हा आम्ही सगळेच अस्वस्थ झालो होतो. २०२० साली आठ युरोपीय देशांची एकत्रित माहिती आली. तीत केवळ हॉर्मोनची कमतरता असलेल्यांत अशी वाढ आढळली नाही. लहान जन्मलेल्या गटात थोडी वाढ दिसली, पण ती मुख्यतः फ्रेंच गटातून आलेली होती, आणि लहान जन्मण्याचा स्वतःचा धोका त्यातून पूर्णपणे वेगळा काढणे कठीण आहे. यावरून मी एवढेच करतो की मात्रा मर्यादेत ठेवतो आणि आयजीएफ-१ वयाच्या मानाने वरच्या सीमेपलीकडे जाऊ देत नाही. सतत डोकेदुखी आणि उलट्या, नजर धूसर होणे, किंवा कंबर-गुडघा दुखून लंगडणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, कारण क्वचित मेंदूभोवतीचा दाब वाढतो किंवा मांडीच्या हाडाचे डोके सरकते. पाठीचा कणा वाकडा होत नाही ना, हे दर भेटीला पाहिले जाते.

खर्चाविषयी पालक संकोचाने शेवटी विचारतात, मी ते आधीच सांगतो. औषध वजनावर मोजले जाते, त्यामुळे आज साडेबारा किलोला जेवढे लागते त्याच्या दुप्पट पंचवीस किलोला लागेल. खर्च दरमहा काही हजारांत असतो आणि मूल वाढते तसा वाढत जातो. दोन वर्षांनी पैसे संपले म्हणून मध्येच सोडलेल्या उपचाराचा मोठेपणीच्या उंचीला फारसा उपयोग राहत नाही, कारण बंद केल्यावर वेग मंदावतो आणि मिळवलेले काही अंशी हातचे जाते. म्हणून आठ-नऊ वर्षांचा हिशेब मांडूनच सुरुवात करावी. तो झेपणारा नसेल आणि तुम्ही उपचार न करण्याचे ठरवले, तर त्यात अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. १४६ सेंटिमीटरची स्त्री निरोगी आणि कर्तबगार आयुष्य जगते. कर्ज काढून हे उपचार करा असे मी कोणालाही सांगत नाही.

मोजणीविषयी थोडे. घरच्या भिंतीवरच्या रेघेवर निर्णय घेऊ नका. भिंतीला जोडलेल्या स्टॅडिओमीटरवर, अनवाणी, टाचा-ढुंगण-पाठ टेकवून, वर बांधलेली वेणी सोडून, एकाच व्यक्तीने आणि शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी मोजलेली उंची हवी. वेणीने एक सेंटिमीटर सहज वाढतो, आणि सहा महिन्यांच्या वाढीत एक सेंटिमीटर ही फार मोठी चूक असते.

तुमच्या मुलीसाठी पुढचा क्रम मी असा धरेन. येत्या महिन्यात कागद जमवा आणि रक्त, थायरॉईड, सीलिॲक, मूत्रपिंड, आयजीएफ-१, साखर, गुणसूत्रे आणि डाव्या मनगटाचा हाडांच्या वयाचा एक्स-रे एवढ्या तपासण्या पूर्ण करून घ्या. आहारात उणीव दिसली तर सहा महिने ती भरून काढून पुन्हा मोजू; सगळे ठीक निघाले आणि उंची याच रेषेवर राहिली, तर पाच वर्षांच्या आत इंजेक्शने सुरू करावीत. त्यानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी भेट. आठव्या-नवव्या वर्षापासून छातीची वाढ सुरू झाली का, याकडे तुम्ही स्वतः लक्ष ठेवा आणि दिसताच कळवा, कारण वयात येणे फार लवकर सुरू झाले आणि अंदाजित उंची फारच कमी असली तर ते काही काळ लांबवणारे वेगळे इंजेक्शन जोडण्याचा विचार त्याच वेळी करावा लागतो. वाढीचा वेग वर्षाला दोन सेंटिमीटरच्या खाली गेला किंवा हाडांचे वय चौदाच्या पुढे गेले, की ग्रोथ हॉर्मोन बंद होते. साखर आणि रक्तदाबाची वर्षातून एकदा तपासणी मात्र त्यानंतरही चालू ठेवावी.